वाचकांचे प्रश्न: निवृत्त पाणबुडी सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं?

गेल्या अंकात ८ डिसेंबरच्या पाणबुडी दिनानिमित्त विशाखापट्टणमच्या आयएनएस कुरसुरावर एक पान छापलं होतं, त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. उत्तरं लिहिणारा मी नौदलात इंजिनरूममध्ये नोकरी करून आता टिळकवाडीत राहतो. पाणबुडीवर नव्हतो, जहाजांवर होतो, पण गंजाशी भांडण दोन्हीकडं सारखंच असतंय. आणि ही जुनी जहाजं, पाणबुड्या टिकाव्यात असं मला फार मनापासून वाटतं, हेही आधीच सांगून ठेवतो.

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या बाई विचारतात: नववीची सहल यंदा विशाखापट्टणमला न्यायचं चाललंय. कुरसुरा ही खरी पाणबुडी आहे की मॉडेल? आत सोडतात काय? आणि पोरांना आधी काय सांगून न्यावं?

बाई, खरी आहे, अगदी अख्खी. सोव्हिएत बनावटीची, नाटोवाले ज्याला फॉक्सट्रॉट म्हणायचे त्या जातीची, १८ डिसेंबर १९६९ ला आपल्या नौदलात दाखल झाली आणि २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली, म्हणजे ३१ वर्षं सेवा. १९७१ च्या युद्धात ती अरबी समुद्रात गस्तीला होती. लांबी ९१ मीटरच्या वर, आणि एवढ्या नळकांड्यात ७५ च्या आसपास माणसं महिना महिना राहायची. निवृत्तीनंतर तिला रामकृष्ण बीचवर वाळूत ओढून आणलं आणि काँक्रीटच्या पायावर बसवलं, त्याला साडेपाच कोटींच्या आसपास खर्च आला, आणि ऑगस्ट २००२ मध्ये ती लोकांना बघायला खुली झाली.

आत सोडतात. एका टोकाकडनं जिना चढून शिरायचं, सगळे सात कप्पे ओलांडून दुसऱ्या टोकाला उतरायचं. कप्प्याकप्प्यामधली दारं गोल असतात, पाय आधी टाकून वाकून जावं लागतं, त्यामुळे उंच पोरांना आधीच सांगा, नाहीतर कपाळ आपटतंय. वाटाडे बहुतेक निवृत्त नौसैनिक असतात, त्यांना प्रश्न विचारायला लावा, ते भरभरून सांगतात.

पोरांना आधी एवढंच सांगा की डिझेल इंजिनाला हवा लागते आणि पाण्याखाली हवा नसते, म्हणून पाण्याखाली ही बॅटरीवर चालायची आणि बॅटरी चार्ज करायला वर यायची, नाहीतर निदान श्वासनळीचा पाइप पाण्याबाहेर काढायची. हे एकदा डोक्यात बसलं की पाचव्या कप्प्यातली तीन डिझेलं आणि सहाव्यातल्या मोटारी बघताना अर्थ लागतोय, नाहीतर नुसतं लोखंड बघून बाहेर पडतात. पुढं सहा आणि मागं चार अशा दहा टॉर्पेडो नळ्या आहेत, त्या मोजायला सांगा. मीटरवरची रशियन अक्षरं बघायला सांगा. टॉर्पेडोच्या शेजारीच माणसाची झोपायची फळी आहे, ती तर दाखवाच. सोमवारी म्युझियम बंद असतंय, सहलीचा दिवस ठरवताना वेळ एकदा बघून घ्या.

उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचे मालक विचारतात: आमच्या इथं पावसाळ्यात उघड्यावर टाकलेला अँगल चार महिन्यात लालभडक होतो ओ. मग समुद्राच्या वाळूवर वीस वर्षांच्या वर उभी असलेली पाणबुडी टिकती कशी? नुसता रंग मारून भागतंय काय?

नाही भागत. तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तुम्ही रोज पत्रा हाताळणारी माणसं, म्हणून जरा खोलात जातो.

पाणबुडीचं कवच एक नसतंय, या जातीत दोन असतात, थर्मासला असतात तशी. आतलं जाड, पाण्याचा दाब झेलणारं, त्याला प्रेशर हल म्हणतात, माणसं आणि यंत्रं सगळी त्यात. बाहेरचं पातळ, आकार देण्यापुरतं. मधल्या जागेत बॅलास्ट टाक्या, बुडायचं असलं की त्यात समुद्राचं पाणी घ्यायचं, वर यायचं असलं की दाबाच्या हवेनं ते बाहेर ढकलायचं. आता पर्यटकाला दिसतं ते बाहेरचं कवच, काळं, रंगवलेलं, फोटोत झकास. गंज खरा लागतो तो मधल्या फटीत, जिथं काही ठिकाणी माणूस आडवा सरपटत जाईल एवढीच जागा आणि काही ठिकाणी तर हातसुद्धा पोचत नाही. ब्रश कसा पोचणार? पाणबुडी समुद्रात असताना ती दर काही वर्षांनी ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून कोरड्या केलेल्या गोदीत जायची, टाक्या उघडून खरवडून रंगवल्या जायच्या. म्युझियममध्ये आल्यावर ते चक्र थांबतं आणि मीठ काय थांबत नाही.

आणि मीठ म्हणजे नुसतं खायचं मीठ नव्हे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असतं, ते हवेतली आर्द्रता पस्तीस टक्क्यांच्या आसपास असली तरी पाणी ओढून घेतं, आणि विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी जवळजवळ कधीच होत नाही. म्हणजे पाऊस नसला, ऊन रणरणत असलं तरी मीठ बसलेला पत्रा सूक्ष्म पातळीवर ओलाच राहतो. आपल्याकडचा अँगल निदान मे महिन्यात तरी खडखडीत वाळतो, पाणबुडीच्या पत्र्याला ती सोय नाही.

तिसरं म्हणजे जस्त. जहाज पाण्यात असताना हलला जस्ताचे ठोकळे लावतात, ते आधी झिजतात आणि पोलाद वाचतं, कारण मधे समुद्राचं पाणी विजेची वाट पुरी करतं. जमिनीवर आणलं की ती वाटच तुटते, ठोकळे नुसते शोभेला. मग राखण करायला उरतो फक्त रंगाचा थर, म्हणून त्याच्यात कसर चालत नाही.

तुमच्याकडं गेट रंगवायला आलं की पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साईड लावून देताय, घरच्या गेटाला ते चालतंय. इथं आधी गोड्या पाण्याच्या प्रेशरनं मीठ धुवायचं, मग सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या जोरदार झोतानं पत्रा खरवडायचा, मग परत तपासायचं की पृष्ठभागावर क्लोराईड राहिलंय का, कारण मिठावर इपॉक्सीचा रंग मारला तर तो थर पाणी आत ओढतो आणि वर फोड येतात. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते त्यापेक्षा, निदान तीन अंश जास्त पाहिजे, नाहीतर डोळ्याला न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो, त्यामुळे किनाऱ्यावर पहाटे किंवा संध्याकाळी रंगकाम करायचंच नाही. ब्लास्ट केलेला पत्रा तसाच उघडा ठेवून जेवायला गेलात की परत येईपर्यंत त्यावर तांबूस झाक आलेली असते, मग ते काम पहिल्यापासून.

आम्ही जहाजावर चिपिंग हातोडी घेऊन बसायचो. एका बाजूला चपटं धारदार तोंड असलेली छोटी हातोडी. रंगवलेल्या पत्र्यावर टकटक करत जायचं, चांगल्या ठिकाणी आवाज टणक येतो, आणि मधेच एकदम बद्द. तिथं वरून रंग अगदी शाबूत दिसतो. दोन ठोके जोरात दिले की रंगाची खपली उडते आणि खाली गंजाचे पापुद्रे निघतात, पानं पानं उलगडल्यासारखे, बोटानं निघतात, आणि सगळे निघाल्यावर कळतं की पत्रा अर्धाच राहिलाय. आता आवाजाच्या जोडीला अल्ट्रासोनिक मीटर आहे, एका बाजूनं लावून पत्र्याची उरलेली जाडी सांगतं. म्युझियम पाणबुडीचा एक नकाशा करून, ठरलेल्या जागी दरवर्षी जाडी मोजून लिहून ठेवली पाहिजे, तर कळतंय कुठं किती वेगानं झिजतंय आणि पत्रा बदलायची वेळ कधी येणार.

बदलायचा म्हणजे कापून नवा घालायचा. जुन्या सडक्या पत्र्यावरच नवा पत्रा वरून वेल्ड करतात, स्वस्त पडतं म्हणून, ते माझ्या मते सगळ्यात वाईट काम. दोन पत्र्यांच्या मधे ओल अडकते आणि आतला गंज दिसायचाच बंद होतो.

वेल्डिंगवाल्यांना अजून एक सांगतो. पाण्यात पाणबुडीला चहूबाजूनं पाण्याचा आधार असतो, जमिनीवर सगळं वजन मोजक्या आधारांवर येतं. त्या आधारांच्या वरचा पत्रा हा सगळ्यात जास्त भार घेणारा आणि तिथंच पाणी साचून राहणारा, दोन्ही एकाच जागी. त्यामुळे तपासणी तिथनं सुरू करायची. आणि तळाच्या ज्या भोकांतनं पाणी निथळायचं ती वाळू, कागद, पक्ष्यांची घाण यांनी बुजत नाहीत ना हे बघायला रोज एक माणूस पाहिजे. इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टला एचएमएस अलायन्स नावाची पाणबुडी म्युझियम आहे, तिच्या गंजण्यात खाली असलेल्या समुद्राइतकाच कबुतरांचाही हात होता. कवचाच्या पोकळीत घरटी करून त्यांनी वर्षानुवर्षं विष्ठा साठवली होती. शेवटी सुमारे ७० लाख पौंड खर्चून दुरुस्ती केली, तिच्याखाली भराव घालून कोरडी जमीन केली, तेव्हा २०१४ मध्ये ती नीट खुली झाली.

निपाणीहून एक वाचक विचारतात: पाणबुडी पाण्यातच ठेवली तर जास्त खरी वाटणार नाही काय? परदेशात तर पाण्यातच ठेवतात म्हणे.

ठेवतात, आणि त्यातल्या बऱ्याच गमावतातही. अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला एक सोव्हिएत पाणबुडी म्युझियम होती, २००७ च्या एप्रिलमधल्या वादळात जागच्या जागी बुडाली, पुढं भंगारात गेली. साउथ कॅरोलिनातली क्लॅमागोर १९८१ पासून पाण्यात उभी होती, दुरुस्तीचा खर्च झेपेना, २०२२ मध्ये तोडायला नेली. सॅन दिएगोची बी-३९ तर आपल्या कुरसुराच्याच जातीची, तिचंही २०२२ मध्ये तेच झालं.

याउलट अलाबामातली ड्रम २००१ मध्ये पाण्यातनं उचलून जमिनीवर ठेवली, ती आहे. एस्टोनियाच्या टॅलिनमधली १९३६ ची लेम्बित २०११ मध्ये बाहेर काढून विमानांच्या जुन्या हँगरमध्ये छताखाली नेली. शिकागोची जर्मन यू-५०५ पन्नास वर्षं उघड्यावर काढून २००४ मध्ये छताखाली गेली. पाण्यात ठेवायचं तर दर काही वर्षांनी ड्राय डॉकला नेण्याचा खर्च धरायलाच लागतो, तो नसेल तर पाण्यात ठेवू नये. माझं मत विचाराल तर छप्पर सगळ्यात बरं, ते जमत नसेल तर जमीन.

हलग्याचा आठवीतला एक वाचक विचारतो: पाणबुडीची बॅटरी अजून आत आहे काय? कुणी चुकून बटण दाबलं तर?

नाही रे बाळा, म्युझियम करताना बॅटऱ्या आधी काढतात. शेकडो सेल असतात, एकेक सेल माणसाच्या कितीतरी पट वजनाचा, आत शिसं आणि ॲसिड, आणि चार्जिंगच्या वेळी त्यातनं हायड्रोजन निघतो जो पेट घेतो. डिझेलच्या टाक्या, तेलाच्या लायनीही रिकाम्या करून धुतात. बटणं सगळी आहेत पण त्यांच्यामागं करंट नाही, दिव्यांसाठी वेगळी नवीन वायरिंग केलेली असते कारण जुन्या केबलींचं आवरण कडक होऊन तडकतं. तरी बटणांना हात लावायचा नाही. हजारो माणसांनी एकेकदा हात लावला की पितळेवर कोरलेली अक्षरं गुळगुळीत होतात.

मराठा लाईट इन्फंट्रीतनं निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब बेळगावहून लिहितात: आपलं बेळगाव रेजिमेंटचं गाव. गावोगावी चौकात निवृत्त रणगाडे, विमानं ठेवतात. मग एक निवृत्त पाणबुडी बेळगावला का येऊ नये? पोरांना केवढी प्रेरणा मिळेल. सगळ्यांनी मिळून अर्ज केला तर?

सुभेदारसाहेब, नमस्कार. भावना पोचली, आणि मला ती पटते. पण अख्खी पाणबुडी इथं येऊ शकत नाही. कुरसुराएवढी पाणबुडी ९१ मीटर लांब आणि पृष्ठभागावर असताना एकोणीसशे टनांच्या वर. गोव्याहून चोर्ल्यानं आणा, अनमोडनं आणा नाहीतर सावंतवाडीकडनं आंबोलीनं, घाटाच्या एका वळणावरसुद्धा ती मावणार नाही. तुकडे करून आणायची तर प्रेशर हल कापावा लागतो, म्हणजे जे बघायचं तेच तोडायचं, वर इथं जोडायचा खर्च.

आणि आणली असं धरलं तरी पुढं? माझं खरं म्हणणं हेच आहे. आणायला पैसा उभा राहतो, उद्घाटनाला मंत्री येतात, फीत कापतात. पण पाचव्या वर्षी ब्लास्टिंग आणि रंग, दहाव्या वर्षी पत्रे, रोज निथळ भोकं साफ करणारा माणूस, हे पैसे कुठून येणार हे पहिल्या कागदावरच लिहिलेलं पाहिजे. नसेल तर अर्जच करू नये. हे मी विक्रांतच्या दुःखातनं बोलतोय. १९७१ ला बंगालच्या उपसागरात लढलेली आपली पहिली विमानवाहू नौका, ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं म्युझियम म्हणून उभी राहिली, आपल्यातले कितीतरी जण पोराबाळांना घेऊन बघून आलेत. २०१२ मध्ये सुरक्षित नाही म्हणून बंद केली, २०१४ मध्ये साठेक कोटींना भंगारात विकली आणि त्याच वर्षी तोडायला घेतली. तिच्यावर प्रेम करणारी माणसं कमी नव्हती, दरवर्षीच्या देखभालीचा पैसा कुणाच्या खात्यात नव्हता. तामिळनाडूत मामल्लपुरमला आयएनएस वागली ठेवायचा बेत होता, तोही तडीला गेला नाही. कुरसुराच्या जातीच्या आठ पाणबुड्या आपल्याकडं होत्या, त्यात थळच्या किनाऱ्यासमोरच्या खांदेरी किल्ल्याचं नाव घेतलेली जुनी खांदेरीही होती. अख्खी बघायला मिळते ती एकटी कुरसुरा.

बेळगावला शोभेल आणि झेपेल असं काय, तर एखादा भाग. निकामी केलेला टॉर्पेडो, पेरिस्कोप, नांगर, प्रोपेलर असल्या वस्तू एका ट्रेलरवर येतात, छताखाली ठेवता येतात आणि सांभाळायला एक माणूस पुरतो. शाळेच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली, शेजारी नीट माहितीचा फलक, एवढं केलं तरी पोरं थांबून वाचतील. पितळी प्रोपेलर तर आपल्या हवेत पिढ्यानपिढ्या राहील, फक्त तो लोखंडी स्टँडवर थेट टेकवू नका, मधे जाड रबर किंवा नायलॉनचं पॅकिंग द्या, नाहीतर पावसात स्टँड आधी सडतो.

आणि बघायचंच असेल तर कारवार जवळ आहे. टागोर बीचवर आयएनएस चपळ ही क्षेपणास्त्र नौका म्युझियम करून ठेवली आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. सिंधुदुर्गात निवतीजवळ तर वेगळाच प्रयोग हाती घेतलाय. रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारं आयएनएस गुलदार हे जहाज २०२४ मध्ये निवृत्त झालं, ते साफ करून समुद्रतळाशी ठेवायचं, म्हणजे त्यावर प्रवाळ, मासे वस्ती करतील आणि लोक पाण्याखाली जाऊन बघतील. जहाज जपायचा हा प्रकार मला अजून पूर्ण पचलेला नाही, कारण तिथं जहाज हळूहळू समुद्राला द्यायचंच असतं, पण भंगारच्या कटरपेक्षा ते कितीतरी बरं.

चिकोडीची मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी विचारते: सर, यावर कॉलेजचा प्रोजेक्ट होईल काय? आमच्याकडं समुद्र नाही, पाणबुडी नाही.

होतोय की, आणि समुद्र नसला तरी अडत नाही. एकाच चादरीतनं पत्र्याचे सारखे तुकडे काप. काहींवर मिठाचं पाणी फवारून वाळव आणि तसाच इपॉक्सी प्रायमर मार, काही गोड्या पाण्यानं नीट धुऊन मग मार, काहींवर एक पत्रा दुसऱ्यावर वेल्ड करून मधे फट ठेव. मिठासाठी साध्या मिठाऐवजी गोव्याला कुणी जाणार असेल तर समुद्राचंच पाणी आणायला सांग, मॅग्नेशियमचा फरक कळेल. प्रत्येक तुकड्यावर रंगाला खिळ्यानं एक रेघ ओढ, पत्र्यापर्यंत. मग खानापूर भागात कुणाच्या तरी गच्चीवर जून ते सप्टेंबर ठेव, तिथला पाऊस तुझं अर्धं काम करेल, आणि दर आठवड्याला त्या रेघेच्या दोन्ही बाजूला गंज रंगाखाली किती मिलिमीटर सरकला ते मोजून फोटो काढ. सुरुवातीला आणि शेवटी वजन कर, चांगल्या काट्यावर. जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक मीटर उद्यमबागेत एखाद्या वर्कशॉपवाल्याकडं मागून बघ, शिकणाऱ्या पोरीला नाही म्हणणार नाहीत. वर दुसरा प्रश्न विचारलेल्या मालकांनी हे वाचलं असेल तर त्यांनी सदराकडं जरूर कळवावं, तुमची गाठ घालून देतो.